दोन जावा आणि एक मशीन

दुकानात शिरल्याबरोबर धाकटीला मशीनं दिसली आणि थोरलीला कोपऱ्यातली खुर्ची. थोरली सरळ जाऊन खुर्चीत बसली. बसल्यावर तिने आपला उजवा हात डाव्या हाताने हळूच उचलला आणि मांडीवर ठेवला, जणू शेजारणीने झोपलेलं पोर सांभाळायला दिलंय. धाकटीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भिंतीशी मांडलेल्या रांगेतून फिरत होती आणि प्रत्येक मशीनच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दोघी जावा. दोघा भावांच्या बायका, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या. भिंत इतकी पातळ, की इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागावा. कामाची जागाही वर्षानुवर्षं एकच होती. एका मोठ्या कचेरीच्या फरश्या. थोरलीने ओला पोछा मारत पुढे जायचं, धाकटीने मागून कोरडा मारत यायचं. मग ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने स्वतःची माणसं आणली आणि मुकादमाने दोघींना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." धाकटी तिथल्या तिथे त्याच्याशी भांडली. थोरलीने आपला डबा उचलला. ती घरी आली, आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत मेल्यासारखी झोपली. नोकरी गेल्याचं दुःख करायचं तर आधी झोप पुरी व्हायला हवी होती.

जागी झाली तेव्हा धाकटी दारात उभी. "ताई, आपण आपलंच काम काढू. मशीन घेऊ. फरशी धुवायची, घासायची, चमकवायची. दुसऱ्याच्या हाताखाली खूप राबलो."

थोरली हो म्हणाली. मनात हो होतं म्हणून नाही. नाही म्हणायलाही अंगात ताकद लागते, तेवढीही तेव्हा नव्हती. छापखान्यातून परत आलेला तिचा नवरा हे ऐकून हसला. "फरशी पुसायला मशीन? हात काय भाड्याने दिलेत का दोघींनी?" धाकटीने भिंतीपलीकडून त्याला तसंच चोख उत्तर दिलं. थोरलीला हसू आलं नाही. तिचा उजवा हात वर्षभरापासून खांद्याच्या वर जात नव्हता.

खांदा गोठलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. भिंतीसमोर उभं राहून बोटं पालीसारखी वर चढवत न्यायची, असा व्यायाम त्यांनी सांगितला होता. थोरली दार लावून तो करायची. पाल रोज एकाच ठिकाणी अडायची. पोछा तिने डाव्या हातावर घेतला, भरलेली बादली उचलायची वेळ आली की दुसरं काहीतरी काम काढलं, आणि गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मुकादमाला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी घरी बसवलं असतं. त्याला कळू नये म्हणून कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. आता मुकादम राहिला नव्हता, पण लपवायची सवय राहिली होती.

"बोला ताई, काय दाखवू?" दुकानदार आला. हा माणूस इतका गोड बोलायचा, की पहिल्याच भेटीत धाकटीने त्याचं नाव साखऱ्या पाडलं. त्याने आधी बसून चालवायचं अजस्र मशीन दाखवलं.

"हे घेऊन आम्ही फरशी धुवायची की वरात काढायची?" धाकटी म्हणाली.

साखऱ्या मनापासून हसला आणि मग कामाचं बोलला. "हे बघा, तीन गोष्टी सांगा. फरशी कसली, जिने किती, आणि मशीन चालवणार कोण?"

"मोझॅक. वकीलसाहेबांची तीन मजली इमारत आहे. लिफ्ट नाही. ते म्हणालेत, मशीन आणा, काम तुमचं. आणि चालवणार दोघी, आळीपाळीने."

थोरलीने जमिनीकडे पाहिलं.

"मग हे घ्या." त्याने एका गोल बुडाच्या, लांब दांड्याच्या मशीनवर थाप मारली. "एका चकतीचं. खाली घासायची गादी लावायची. पांढरी मऊ, लाल जरा कडक, काळी सगळ्यात खरखरीत. काळी चुकूनही चमकत्या फरशीवर लावू नका, होती ती चमकही जाईल. स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि दोघींना जिन्यावरून उचलता येईल. फक्त जरा अवखळ आहे."

दुकानाच्या मागच्या बाजूला त्याने वेगवेगळ्या फरश्यांचे तुकडे बसवून घेतले होते आणि मुद्दाम मळवून ठेवले होते. धाकटीने दांडा धरला, बटण दाबलं, आणि मशीन दावं तोडलेल्या वासरासारखं उधळलं. ते तिला ओढत ओढत खोक्यांच्या ढिगात घेऊन गेलं. खोकी कोसळली. साबणाचे रिकामे डबे दुकानभर गडगडले.

"दाबू नका, त्याच्याशी भांडू नका!" साखऱ्या ओरडला. "दांडा जरासा उचलला की ते उजवीकडे जातं, जरासा दाबला की डावीकडे. एवढंच."

"माझा नवरा असाच आहे," धाकटी धापा टाकत म्हणाली, "त्याला वर्षं लागली." तिसऱ्या खेपेला मात्र मशीन तिचं ऐकायला लागलं. मळक्या मोझॅकमधून काळे, पांढरे, तांबूस ठिपके वर आले. धाकटीच्या तोंडावर घाम होता आणि असं हसू, की पाहणाऱ्याला वाटावं ही फरशी हिच्याच घरची. "ताई, या. आता तुम्ही."

थोरली उठली नाही. "माझे पाय ओले होतील."

"पाय? आयुष्यभर ओल्यात काढलंत, आणि आज पायांची काळजी?"

"चहा येतोय म्हणाले ना दुकानदार. तो पिऊ दे."

चहा आला. तो तिने जमेल तितका हळू प्यायला. धाकटीने दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि मग साखऱ्याशी बोलायला गेली. मशीन आधी रविवारी भाड्याने न्यायचं, वकिलांच्या इमारतीत चालवून बघायचं आणि पटलं तर घ्यायचं, असं ठरलं.

रविवारी धाकटीच्या नवऱ्याने आपल्या टेम्पोतून मशीन नेलं, इमारतीच्या दारात उतरवून दिलं आणि दुसरा माल पोचवायला तो निघून गेला. इमारत सुटीची रिकामी होती. बंद दारं, पितळी पाट्या, भिंतीला टेकवलेली बाकडी, आणि त्यांच्यासमोर लोकांनी वाट बघत पाय घासून घासून काळे केलेले पट्टे.

खालचा मजला छान झाला. धाकटी पुढे मशीन चालवत होती. थोरली मागून रबरी वायपरने मळकं पाणी डाव्या हाताने ओढत नेत होती. कुणी बघायला नव्हतं, कुणी हाकारायला नव्हतं. अर्धा मजला झाला तेव्हा थोरलीच्या मनात आलं, जमेल कदाचित. ही मशीन चालवेल, मी पाणी ओढेन. सांगायची वेळ येणारच नाही.

मग जिना आला.

"तुम्ही दांड्याकडून धरा, मी खालून उचलते," धाकटी म्हणाली. "वजन माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त वर ओढत राहा."

थोरलीने दांडा डाव्या हाताने घट्ट धरला आणि उजवा हात नुसता वर ठेवला. एक पायरी. थांबायचं. दुसरी पायरी. थांबायचं. मशीनचं बुड जड, आणि त्यात ओली गादी. वळणाशी पोचेपर्यंत डाव्या हाताची पकड सैल होत चालली. धाकटी खालून म्हणाली, "आता एकदा जोरात वर घ्या, की आलोच." थोरलीने विचार न करता उजव्या हाताने ओढलं.

खांद्यात कुणीतरी तापलेली सळई फिरवावी तसं झालं. दोन्ही हात सुटले.

"बाजूला हो!" एवढंच ती ओरडू शकली.

धाकटीने कठड्याशी अंग चोरलं. मशीन तिला घासून गेलं आणि एकेका पायरीवर आदळत, दांडा आपटत, खाली जाऊन उलटं पडलं. त्याचा आवाज सगळ्या बंद दारांवरून फिरून परत आला. मग शांत झालं. दोन पायऱ्यांच्या कडा फुटल्या होत्या. मशीनचं एक चाक वाकडं होऊन उगीच फिरत राहिलं होतं.

थोरली पायरीवर बसली. हात पोटाशी धरून ती दातांतून श्वास घेत होती. धाकटी वर आली. आधी तिने स्वतःचा पाय चाचपला, मग जावेचा हात धरायला गेली आणि थोरली कळवळली.

"कुठे लागलं? मशीन लागलं का?"

"नाही. मशीन नाही."

"मग?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. थोरलीने उजवा हात पुढे केला आणि वर न्यायला लागली. तो खांद्याच्या खालीच अडला. "हा एवढाच जातो," ती म्हणाली. "वर्ष झालं."

धाकटीने त्या हाताकडे पाहिलं. थोरलीला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर माझी कीव करणार. कीव तर तिला नकोच होती. पण धाकटी भडकली.

"वर्ष? वर्षभर मी तुमच्या मागे एका हाताच्या अंतरावर पोछा मारतेय, आणि तुम्ही मला सांगितलं नाही? मला काय वाटायचं ठाऊक आहे? भरलेली बादली दिसली की तुम्ही निघून जायचात. मला वाटायचं, थोरलेपणा चाललाय. जाऊबाई झाल्या ना, बादल्या उचलायला धाकटी आहेच! किती शिव्या दिल्या मी तुम्हाला मनातल्या मनात. भांडी घासताना दिल्या, झोपताना दिल्या. एकदा तर ह्यांना म्हटलं, तुमची वहिनी आयतखाऊ आहे."

"भिंतीतून ऐकलं मी ते," थोरली म्हणाली.

धाकटीचं तोंड उघडं राहिलं. "ऐकलंत? आणि तरी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? आयतखाऊ म्हटलेलं परवडलं. लंगडी गाय म्हटलेलं परवडलं नसतं."

धाकटी तिच्या शेजारी बसली. जिना अरुंद होता, त्यामुळे दोघींचे खांदे एकमेकींना लागले. डावा होता म्हणून थोरलीने सहन केला. खाली नुकतीच घासलेली फरशी दिसत होती आणि तिच्यावर उलटं पडलेलं मशीन. तिकडे बघत धाकटी म्हणाली, "माझा पाय गेला असता ताई." हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून थोरलीला जास्त लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायलाही तिने सवयीने डावाच हात उचलला.

संध्याकाळी दोघी टेम्पोतून मशीन घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच वकीलसाहेबांना भेटून आली. वरचे मजले आम्हाला झेपणार नाहीत, असं तिने त्यांना सांगितलं. तळमजल्याच्या कामाचे पैसे त्यांनी फुटलेल्या पायऱ्यांपोटी वळते करून घेतले. वकील भला माणूस होता, पण त्याला सगळी इमारत एकाच्या हातात द्यायची होती. काम गेलं. धाकटीने थोरलीला हे सांगितलं ते दारातूनच, भाजीचे भाव सांगावेत तसं, आणि ती आपल्या घरात गेली. मग भिंतीपलीकडून भांडी जरा जास्तच जोरात वाजत राहिली.

थोरलीने ठरवलं होतं, आपण बाजूला व्हायचं. ते सांगायला म्हणून ती सकाळी उठली, तोंड धुतलं आणि वाक्य मनात जुळवत बसली. वाक्य जुळायच्या आत धाकटीच आली.

"उठा. दुकानात जायचंय."

"माझं ऐक जरा. तू दुसरी कुणी बघ. तरणीताठी, धडधाकट. कचेरीतल्या कितीतरी जणी घरी बसल्यात. माझं आता झालं. मी दमले आहे गं. खांदा तर आहेच, पण खरं सांगू का, मी त्याच्या आधीपासून दमले आहे."

"मी नाही दमले?" धाकटी उंबऱ्यावर टेकली. आज सकाळच्या उजेडात तिचे डोळे सुजलेले दिसत होते. थोरलीला एकदम जाणवलं, की हिलाही आपण बरेच दिवस नीट पाहिलेलं नाही. "बघितल्या दुसऱ्या. रात्रभर सगळ्याजणी डोक्यात फिरवल्या. एक उशिरा येते. एक बोलून बोलून जीव खाते. एक साबण घरी नेते. तुम्ही निदान फक्त खोटं बोलता."

थोरलीला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलं, आणि हसताना खांदा दुखला.

"हसू नका, मी चिडलेलीच आहे," धाकटी म्हणाली. "चपला घाला."

साखऱ्याने वाकडं चाक बघून च् च् केलं, अनामत परत मिळणार नाही हे अतिशय गोड शब्दांत सांगितलं आणि खुर्ची पुढे केली. या वेळी थोरली बसली नाही.

"माझा उजवा हात वर जात नाही," ती म्हणाली. परक्या माणसासमोर हे वाक्य ती पहिल्यांदाच म्हणत होती. वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान निघालं. "वजन ओढवत नाही. चालता येतं, आणि डावा हात चांगला आहे. मला चालवता येईल असं काय आहे?"

साखऱ्याने तिच्या खांद्याकडे एकदा पाहिलं. मग तो त्यांना रांगेच्या शेवटाला घेऊन गेला. तिथे बाबागाडीएवढं, दांडा धरून मागून चालायचं एक मशीन होतं. पुढून स्वच्छ पाणी सोडायचं, मधे घासायचं, मागे मळकं पाणी ओढून पोटात घ्यायचं. बॅटरीवर चालायचं, त्यामुळे मागे वायर ओढायला नको. "हे स्वतःच पुढे जातं," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं दिशा द्यायची. पण आधीच सांगतो, किंमत त्या दुसऱ्याच्या तिप्पट. आणि जिना विसरा. हे उचलायला चार माणसं लागतात."

"जिना विसरलोच आहोत आम्ही," धाकटी म्हणाली.

थोरलीने डाव्या हाताने दांडा धरला आणि कळ दाबली. मशीन हळूच गुरगुरलं आणि निघालं. ओढलं नाही, झटका दिला नाही. समजूतदार म्हैस घरच्या वाटेला लागावी तसं ते चाललं, आणि मागे कोरडी फरशी सोडत गेलं. थोरली त्याच्या मागे चालत होती. वळणावर तिला जरा जोर लावावा लागला, खांद्यात कळ आली, पण ती सोसण्याजोगी होती. भिंतीपाशी मात्र मशीन थांबलं. कोपऱ्यात आणि भिंतीच्या कडेला हातभर पट्टा मळकाच राहिला.

"कडा हे काढत नाही," साखऱ्या म्हणाला.

"कडा मी हाताने काढीन," धाकटी म्हणाली.

"गुडघ्यावर बसून?" थोरली म्हणाली. "रोज? तुझे गुडघे जातील. आज माझा खांदा, उद्या तुझे गुडघे."

"जातील तेव्हा सांगेन तुम्हाला. लगेच सांगेन. वर्षभराने नाही."

थोरलीने दांड्यावरचा हात काढला. हे आता जन्मभर ऐकावं लागणार, हे तिला कळलं.

हप्त्यांवर मशीन घेतलं. पाणी ओढायचं वेगळं यंत्र, भिंतीला लावायची शिडी, नव्या बादल्या, सगळं पुढे ढकललं. लांब दांड्याचा एक कडा घासायचा ब्रश मात्र थोरलीने हट्टाने घ्यायला लावला. त्याने अर्ध्या कडा उभ्याने निघत, अर्ध्यांसाठी धाकटीला बसावंच लागे. पहिले काही आठवडे काम मिळेना. तळमजलाच हवा म्हटल्यावर अर्धी दारं आपोआप बंद होत. छापखान्यातून आलेला नवरा रोज त्या झाकून ठेवलेल्या मशीनला वळसा घालून आत यायचा आणि म्हणायचा, "पाहुणे अजून आहेत का?" एके दिवशी त्याने न सांगता बायकोच्या हातातून पाण्याची घागर काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. भिंतीपलीकडच्यांनी त्याला सांगितलं असावं.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मिळाला, आणि त्यांच्या ओळखीने फर्निचरचं एक लांबलचक दुकान. दोन्ही तळमजल्यावर. यांतून हप्ता निघत होता, फार काही उरत नव्हतं.

फर्निचरच्या दुकानातला तो पहिला दिवस होता. दुपारी दुकान बंद असताना काम करायचं होतं. कपाटं, पलंग, आरसे यांच्यामधून थोरली मशीन फिरवत होती. प्रत्येक आरशात तिला एक बाई दिसत होती, मशीनमागून चालणारी, एक खांदा जरा उतरलेला. आधी तिला ती ओळखू आली नाही. मग आली, आणि तिने पुढच्या आरशाकडे बघायचं टाळलं. धाकटी कडांनी सरकत होती, कधी उभी, कधी बसलेली, आणि उठताना प्रत्येक वेळी "अगं आई गं" म्हणत होती. सांगायचं ठरलंच होतं, तर ती सगळंच सांगत होती.

शेवटच्या फेरीत दारापासून मशीनमागोमाग सगळ्या फरशीवर तिने चमकवायचं पातळ मेण फिरवलं, ते डॉक्टरीणबाईंकडे चांगलं उठलं होतं म्हणून. मागच्या भिंतीपाशी दोघी पोचल्या, मशीन बंद झालं, आणि थोरलीने मागे वळून पाहिलं.

"चपला कुठे आहेत आपल्या?"

"दाराशी."

दार दुकानाच्या त्या टोकाला होतं. मधे सगळ्या वाटेवर ओलं मेण चमकत होतं. वाळेपर्यंत त्यावर पाय ठेवला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. जन्मभर फरश्या पुसलेल्या दोन बायकांनी स्वतःला भिंतीशी कोंडून घेतलं होतं.

"कुणाला सांगू नका," धाकटी म्हणाली.

"सांगायचं ठरलंय ना सगळं?"

"हे नाही."

बसायला दुकानभर मऊ सोफे होते, पण ते विकायचे होते, आणि दोघींचे कपडे ओले. म्हणून त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या, जिथे अजून मेण लावायचं होतं. धाकटीने पाय लांब केले आणि गुडघे चोळायला लागली. थोरलीने उजवा हात मांडीवर घेतला, तो लपवायचं आता कारण नव्हतं. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी शटर उघडायला येत असल्याचा भास झाला, पण कुणी आलं नाही.

"किती वेळ लागेल वाळायला?" थोरलीने विचारलं.

धाकटीची मान कलली होती. भिंतीला टेकूनच तिला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, हातात अजून फडकं. थोरलीने तिला उठवलं नाही. तिने डोकं मागे टेकवलं आणि ओली फरशी दाराकडून हळूहळू वाळत येते का, ते बघत बसली.